क्रूझवर रात्रीच्या जेवणाला काय घातलं? मराठवाडेकरांनो, अनुभव लिहा

आमच्या घरी बॅगा काढून ठेवल्यात आणि भांडण एकाच गोष्टीवरून चाललंय. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाचं बुकिंग आहे. दिवसभर कसंही राहता येतं, हे सगळ्यांना कळलंय. पण तिकिटासोबतच्या कागदात संध्याकाळच्या जेवणापुढं 'स्मार्ट कॅज्युअल' लिहिलंय आणि एका रात्रीपुढं 'फॉर्मल'. आमचे हे म्हणतात, लिननचा शर्ट म्हणजे फॉर्मलच. सासूबाई म्हणतात, मी माझी इरकल नेसणार, ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. अप्पांचा तर प्रश्नच मिटलेला, ते धोतराशिवाय काही घालत नाहीत. नेटवर बघावं तर सगळीकडं टक्सिडो, म्हणजे बो-टायवरचा काळा कोट, आणि पायघोळ गाऊन. औशाच्या माणसानं टक्सिडो आणायचा कुठून, आणि परत आल्यावर घालायचा कुठं?

म्हणून विचारते. जे खरोखर जाऊन आलेत त्यांनीच लिहा. कुठून गेलात, काय घातलं, आणि काय नुसतंच बॅगेतून हिंडवून परत आणलं. मुंबई-गोवा असो की लेकरांनी अमेरिकेत बोलावून नेलेलं अलास्का, सगळं चालेल.

लातूर, खत-बियाण्यांचं दुकान

मी डीलर टूरवाला, त्यामुळं माझा अनुभव एकट्याचा नाही, अख्ख्या बसचा आहे. बियाण्यांच्या एका कंपनीनं टार्गेट गाठलेल्या दुकानदारांना सिंगापूरच्या क्रूझवर नेलं. निघायच्या आधी टूर सांभाळणाऱ्या पोरानं ग्रुपवर टाकलं की जेवायला सूट कंपल्सरी, नाहीतर आत सोडत नाहीत. झालं. मे महिना, वर ४२ डिग्री, आणि आम्ही गंजगोलाईत ब्लेझरची मापं द्यायला रांगेत! ट्रायलला अंगात चढवला की आधी मास्तरचा टेबल फॅन आपल्याकडं वळवून घ्यायचा, मग पोट आत ओढून बटण लावायचं. "मास्तर, जरा सैल ठेवा, अजून आठ-दहा लग्नं जेवायची आहेत." मास्तर पाठीवर खडूची रेघ ओढत म्हणायचे, "मग लग्नं उरकूनच या की."

जहाजावर काय दिसलं? स्मार्ट कॅज्युअलच्या रात्री डायनिंग रूममध्ये बहुतेक जण साध्या पॅन्टवर कॉलरचा शर्ट घालून. शेजारच्या टेबलावरचे आजोबा तर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात निवांत सूप पीत होते. फॉर्मलच्या रात्री कोट दिसले, पण बिनकोटाचेही भरपूर होते आणि कुणाला उठवलं नाही. खरं काम केलं ते आमच्या रोजच्या ड्रेसनं: कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, काळे बूट. आपल्याकडं पुढारी असो की दुकानदार, हा ड्रेस कपाटात असतोच. आमच्यातल्या दोघांनाच दारात थांबवलं. ते कंपनीनं वाटलेला गोल गळ्याचा टी-शर्ट आणि खाली थ्री-फोर्थ घालून आले होते. त्यांनाही पॅन्ट बदलून या एवढंच सांगितलं, टी-शर्टाबद्दल चकार शब्द नाही.

बायका सोबत असतील तर शाल घ्या. बाहेर सिंगापूरचा दमट उकाडा आणि आत एसी असा की मंडळी मेन्यूकार्ड दंडावर धरून बसल्या होत्या.

परभणी

मुंबई-गोवा, कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज. एक साधी गोष्ट आधी कुणी सांगत नाही. मोठी बॅग टर्मिनलवरच ताब्यात घेतात आणि ती खोलीच्या दाराशी येता येता संध्याकाळ होते. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत उतरायचं, त्यात बोर्डिंगची रांग, त्यात बॅग नाही. पहिल्या रात्री अंगावर आहे त्यातच जेवायला जावं लागतं. तेव्हा एक चांगला जोड, औषधं आणि साडीच्या पिना खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. तसं पहिल्या रात्री बहुतेक जहाजांवर फॉर्मल ठेवतच नाहीत, कारण हेच.

जालना

लेकीनं आम्हा दोघांना सिॲटलहून अलास्काला नेलं. ऐन जूनमध्ये डेकवर स्वेटर, जाकीट, कानटोपी, आणि संध्याकाळी त्याच बॅगेतून सणासुदीचं काढायचं, त्यामुळं जागेचंच गणित होतं. मी सिल्क घरी ठेवलं. दोन क्रेपच्या, एक जॉर्जेटची साडी आणि तिन्हींवर चालेल असं एकच काळं ब्लाऊज नेलं. क्रेप घडी घातली तरी चुरगळत नाही, मुठीएवढी होते आणि दिव्यांच्या उजेडात भारी दिसते. यांचा लिननचा कुर्ता बॅगेतून निघाला तो गोधडीखालून काढल्यासारखा.

आणि इस्त्री नेऊ नका. मी छोटी प्रवासातली इस्त्री घेतली होती. बॅगा मशीनमधून जातात, ती तिथंच काढून घेतली, पावती दिली, उतरताना परत मिळाली. आगीची भीती असते म्हणून खोलीत इस्त्री चालत नाही, कपड्यांना वाफ देणारी यंत्रंही नाहीत. काही जहाजांवर कपडे धुवायची खोली असते, तिथं इस्त्री आणि टेबल मिळतं. आमच्यावर नव्हती. मग लॉन्ड्रीत द्यायचं, नगाप्रमाणं पैसे. फॉर्मल रात्रीच्या दिवशी सगळं जहाज तिथंच लोटतं, म्हणून आदल्या दिवशीच द्या. फुकटातला उपाय म्हणजे बाथरूममध्ये कपडा हँगरला टांगायचा, गरम पाणी सोडायचं, दार लावून बाहेर यायचं. पंधरा-वीस मिनिटांत पॉलिस्टर मिश्रित कपडा बऱ्यापैकी सरळ होतो. लिनन होत नाही.

(जैन मंडळींसाठी: जूनमध्ये अलास्कातल्या जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आम्ही पहिल्यांदाच कुठल्या प्रवासात घड्याळ न बघता जेवलो.)

नांदेड

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सुट्टीचे पैसे आपणच मोजायचे आणि वर जेवायला इन-शर्टही करायचा, हे काय मला पटत नाही. आम्ही सगळ्या रात्री वरच्या मजल्यावर बुफेत जेवलो. हाफ पॅन्ट, वारा, समोर समुद्र. कुणी विचारलं नाही.

अंबाजोगाई

नांदेडकर दादा, बुफेत कुणी अडवत नाही हे बरोबर. पण ताट धरून रांगेत उभं राहणं आपण लग्नसराईत दर आठवड्याला करतो. खाली डायनिंगमध्ये टेबल ठरलेलं असलं तर वेटर रोज तोच येतो. दुसऱ्या रात्रीपासून आमच्या आईपुढं न मागता हिरवी मिरची आणि लिंबाची फोड येऊन बसायची. एका फुल पॅन्टीच्या बदल्यात हे सुख मला तरी स्वस्त वाटलं.

आई नऊवारी नेसते, रोजचीच. मुंबईहून गेलो होतो. भावजय आधीपासून मागं लागली होती की निदान जहाजावर तरी पाचवारी नेसा. आईनं ऐकलं नाही आणि चालायला सगळ्यांत मोकळी तीच राहिली. जहाज जरा डुललं की पाचवारीवाल्या जिन्यावर एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं निऱ्या धरून उभ्या, आई कासोटा मारलेली, सरळ खाली. नेसलेली साडी पायात येते ती डायनिंग रूममध्ये नाही, जिन्यात आणि डेकवरच्या वाऱ्यात. पदराला दोन पिना जास्त लावा. आणि टाचा नकोत, बारक्या तर मुळीच नकोत.

बीड जिल्हा, जहाजावर वेटर (सध्या सुट्टीवर गावाकडं)

दाराशी आम्ही खरंच काय बघतो ते सांगतो. पोहण्याचे ओले कपडे, बाथरोब, बिनबाह्यांचं बनियन, अनवाणी पाय, रबरी स्लीपर, डोक्यावर कॅप आणि पुरुषांची हाफ पॅन्ट. एवढंच. ही हाफ पॅन्टसुद्धा काही कंपन्या साध्या रात्री चालवून घेतात, काही घेत नाहीत. टाय मोजत कुणी बसत नाही. फाटकी जीन्स असेल तर हेड वेटर कधी कधी बाजूला घेऊन सांगतो, तेही फॉर्मल रात्रीच.

संध्याकाळचा ड्रेस काय हे रोज खोलीत येणाऱ्या कागदावर किंवा जहाजाच्या ॲपवर लिहिलेलं असतं. ते वाचा, टूरवाल्याच्या ग्रुपवर जाऊ नका. आठवड्याच्या सफरीत फॉर्मल रात्री साधारण दोन असतात आणि बहुधा ज्या दिवशी जहाज कुठल्या बंदराला लागत नाही त्या दिवशी. छोट्या सफरीत एक, नाहीतर एकही नाही. सगळ्या कंपन्या सारख्या नसतात. नॉर्वेजियनवर फॉर्मलची सक्तीच नाही, क्युनार्डवर सगळ्यांत जास्त थाट.

फॉर्मल रात्री जागोजागी पडदे लावून फोटोग्राफर उभे असतात. आपली माणसं लाजून निघून जातात नाहीतर सगळे फोटो घ्यावेच लागतील म्हणून घाबरतात. फोटो काढायला पैसे नाहीत, प्रिंट घेतली तर आहेत. कपडे केलेच आहेत तर उभं राहा.

आपल्या गावाकडचं कुणी टेबलावर आलं की मला लांबूनच कळतं. नवा कोरा कोट, आणि बाहीवरचं कंपनीचं लेबल अजून तसंच! ते उसवून टाकायचं असतं, भाऊ.

धाराशिव

मुलगी इंग्लंडात असते, तिच्यामुळं साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क असं क्युनार्डच्या क्वीन मेरी २ वर जाणं झालं. वर वेटर भाऊंनी लिहिलंय ते खरं आहे, तिथं संध्याकाळी सहानंतर सगळं जहाजच कपडे बदलतं. गाला इव्हनिंगला, म्हणजे तिथल्या फॉर्मल रात्री, पुरुषांना टक्सिडो नाहीतर गडद सूट. पण नियमातच आपल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालतो असं आहे, ते मुलीनं आधी वाचून दाखवलं आणि माझा कोटाचा खर्च वाचला. मुलाच्या लग्नात शिवलेला काळा जोधपुरी बंदगळा घातला. स्कॉटलंडचे एक गृहस्थ किल्टमध्ये, म्हणजे त्यांच्याकडच्या गुडघ्यापर्यंतच्या घागऱ्यात होते, म्हणजे धोतरवाल्या अप्पांसारखे त्यांचेही पाय उघडेच.

एका रात्रीची थीम काळा-पांढरा होती. बायकोनं संक्रांतीची चंद्रकळा नेली होती. कुणी कौतुक केलं, फोटो मागितले वगैरे सगळेच लिहितात, ते सोडा. खरी अडचण पैठणीची. तिच्या जरीचा पदर खुर्चीखाली जातो, मागून ट्रे घेऊन माणसं सारखी जात-येत असतात, आणि उत्तर अटलांटिकला जहाज हलतं. तिनं पदर चापून-चोपून खांद्यावर बारीक निऱ्यांत पिनअप केला, उरलेला कमरेला खोचला. पैठणी नेणार असाल तर सुती कापडात गुंडाळून न्या, प्लॅस्टिकमध्ये नको. अत्तर, स्प्रे जरीवर उडू देऊ नका, आणि लॉन्ड्रीतल्या परक्या माणसाच्या हाती इस्त्रीला तर देऊच नका. घरूनच घडी बदलून, इस्त्री करून न्यायची.

छत्रपती संभाजीनगर

दुबईहून गेलो होतो. मी अबाया आणि हिजाबमध्येच सगळ्या रात्री जेवले, फॉर्मलला जरा भरतकामाचा अबाया. कुणाची नजरसुद्धा वळली नाही, त्या भागातल्या जहाजावर निम्म्या बायका तशाच होत्या. यांनी निकाहची शेरवानी काढली होती, पण ती घालून जेवता येत नाही, गळा आवळतो. दुसऱ्या वेळी साधा काळा कुर्ता-पायजमा आणि खांद्यावर हिमरूची शाल. आपल्या शहरात विणलेली हिमरू कपाटात पडून असते, ती न्या. रेशीम आणि सूत दोन्ही असल्यामुळं ऊबही मिळते आणि एसीचाही प्रश्न सुटतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. यांचा लिननचा शर्ट कपाटात परत गेला. पण आमच्या अप्पांचं कुणीच सांगितलं नाही. धोतर, नेहरू शर्ट आणि पायात कोल्हापुरी. बीडच्या भाऊंनी खरं काय ते सांगावं.

बीड जिल्हा, वेटर

ताई, धोतर बिनधास्त. लुंगीसारखं गुंडाळलेलं नको, नीट नेसलेलं असू द्या, रोज अप्पा नेसत असतील तसंच. फॉर्मलला वरून जाकीट चढवलं की कोटवाल्यांपेक्षा वरचढ. पायात मात्र मागं पट्टा असलेला सँडल किंवा मोजडी द्या. कोल्हापुरीला अडवतील असं नाही, पण दारातला माणूस फिलिपिन्सचा असला तर त्याला ती स्लीपरच वाटणार आणि अप्पांना तिथं उभं राहून समजावत बसावं लागणार. शिवाय जेवणाच्या हॉलबाहेरची फरशी गुळगुळीत असते.

हिंगोली

मग फेटा बांधून गेलं तर? टोपी काढायला लावतात म्हणालात.

बीड जिल्हा, वेटर

कॅप काढायला सांगतात, फेट्याला कुणी हात लावत नाही. पगडीतले सरदारजी पाहुणे कायमच असतात. फक्त फेटा बांधणारा सोबत न्या, जहाजावर न्हावी मिळतो, फेटेवाला मिळत नाही.