घरकुल आणि वस्तीच्या कामांचा पैसा महापालिकेत नेमकं कोण वाटतं? (जळगाव)

मेहरूणची_ताई
नमस्कार सगळ्यांना. मी जळगावला राहते, वस्तीतल्या बचत गटाचं काम बघते. आमच्या गटातल्या एक मावशी आहेत, नवरा नाही, धुणीभांडी करून दोन मुलं शिकवताय, पत्र्याचं घर आहे, पावसाळ्यात रात्रभर भांडी लावून बसतात. घरकुलाच्या यादीत त्यांचं नाव काही येत नाही आणि मागच्या गल्लीत ज्यांच्या भिंती आधीच विटांच्या होत्या त्यांना मात्र मिळालं. नगरसेवकाकडे जा म्हणतात, तिथे गेलं की महापालिकेत जा, तिथून वरून मंजुरी नाही असं उत्तर.

दुसरं म्हणजे आमच्याकडे समाजमंदिर बांधलंय, फरशी, पंखे, बाहेर पाटी सगळं आहे, पण आत बालवाडी नाही, शिवणक्लास नाही, कायम कुलूप. बायकांनी क्लाससाठी मागितलं तर चालवायला निधी नाही म्हणे. बांधायला पैसा होता आणि शिलाई शिकवणारीला द्यायला नाही, हे कसं काय ते मला खरंच समजून घ्यायचंय. माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे शहराला असा पैसा आला की आधी लोकांना बोलावून विचारतात. आपल्याकडे हे ठरतं कुठे?

पांझराकाठ
ताई, माझी सगळी नोकरी महापालिकेच्या लेखा विभागात गेली, आता धुळ्याला घरीच असतो, म्हणून जरा लांब लिहितो. पहिली गोष्ट, घरकुलाचा पैसा महापालिका वाटत नाही, ती फक्त नावं गोळा करून प्रस्ताव पाठवते. पंतप्रधान आवास योजना शहरी 2015 ला आली, त्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळायचे, 2024 पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. अट वार्षिक उत्पन्न 3 लाखाच्या आत आणि देशात कुठेही पक्कं घर नको. पण सगळं अडतं ते "स्वतःच्या जागेवर" या शब्दांपाशी. जागेचा उतारा नावावर नसेल तर गरज कितीही असो, नाव डीपीआरमध्ये, म्हणजे वर पाठवायच्या प्रकल्प अहवालात, चढतच नाही. तुमच्या मागच्या गल्लीत प्लॉट खरेदीखताचे असतील आणि मावशींची जागा कच्च्या कागदावर असेल, फरक तिथेच पडला असणार. म्हणजे ज्याच्याकडे आधीपासून काहीतरी आहे त्याच्यापर्यंत पैसा सहज पोचतो आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो बाहेर राहतो. नोकरीत असतानाही याचा मला त्रास व्हायचा, टेबलासमोर बाई रडत उभी असायची आणि नियमात बसत नाही हे सांगायचं काम माझं.

समाजमंदिराचं वेगळं आहे. अशी बांधकामं बहुतेक वेळा दलित वस्ती सुधारणेच्या किंवा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतात, तो निधी रस्ता, गटार, सभागृह असल्या कामांसाठीच येतो, पगारासाठी वापरता येत नाही. वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राच्या करातला वाटा ठरवणाऱ्या आयोगाच्या, पैशाचंही तसंच, 15 व्या आयोगात आपल्यासारख्या शहरांना जे अनुदान ठरलं त्यातलं 60 टक्के पाणी आणि स्वच्छता यालाच बांधलेलं. मग वस्तीतली सेवा चालवायला उरतं महापालिकेचं स्वतःचं बजेट. त्यात 5 टक्के महिला व बालकल्याण, 5 टक्के दुर्बल घटक आणि 5 टक्के दिव्यांग अशी तरतूद ठेवावीच लागते. शिलाई शिकवणारीचं मानधन यातनं निघू शकतं. निधी नाही हे उत्तर अर्धवट आहे, बजेटमधल्या कोणत्या शीर्षात, म्हणजे खर्चाच्या कोणत्या नोंदीखाली, नाही ते विचारा.

चाळीसगावकर_परदेशी
ताईंचा मामेभाऊ बोलतोय ते खरंय, मी पण इकडे अमेरिकेतच आहे आणि एका संस्थेत काम करतो जी दरवर्षी शहराकडे अर्ज टाकते. इकडे सीडीबीजी म्हणून वस्त्यांच्या विकासासाठी इथल्या केंद्राचा निधी आहे, 1974 च्या कायद्याने सुरू झाला, साधारण 50 हजाराच्या वर वस्तीच्या शहरांना थेट मिळतो. किती मिळणार ते लोकसंख्या, गरिबी, घरांमधली गर्दी, जुनी घरं यावरून सूत्राने ठरतं, त्यामुळे आमदार-मंत्र्याच्या मागे फिरावं लागत नाही. शहराने 3 ते 5 वर्षांचा आराखडा करायचा, मग दरवर्षीचा कृती आराखडा, तो 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि वर्षात कमीत कमी दोन जाहीर सुनावण्या. किमान 70 टक्के पैसा कमी उत्पन्नवाल्यांच्या कामी लागला पाहिजे. घरांसाठी होम नावाचा वेगळा निधी आहे 1990 च्या कायद्याचा, त्यातून भाड्याची नवी इमारत बांधली तर 20 वर्षं भाडं ठराविक मर्यादेतच ठेवावं लागतं, हा नियम मला फार आवडतो कारण पैसा दिल्यावर घर गरिबाच्याच हातात राहतं.

पण इकडे सगळं छान असं समजू नका. सेवांसाठी त्या सीडीबीजीतला जास्तीत जास्त 15 टक्केच पैसा वापरता येतो. म्हाताऱ्यांचं जेवण, मुलांची शिकवणी, बेघरांचा निवारा, मारहाण सोसलेल्या बायकांसाठी मदत हे सगळे त्या 15 टक्क्यात भांडतात. सुनावणीला प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतात, आणि ज्या संस्थेकडे अर्ज लिहायला पगारी माणूस आहे तिचेच मार्क जास्त येतात, वस्तीतल्या बायकांच्या छोट्या मंडळाला ते जमत नाही. कागदाची अडचण इकडेही आहेच, एवढंच की कोणाला किती आणि कोणत्या कारणाने दिलं ते छापून येतं आणि त्यावर बोलता येतं.

भुसावळनं_पोरगं
राम राम भो. आमना गावमा बी आसंच शे. मराठीत लिहितो सगळ्यांना कळावं म्हणून. यादीत नाव आल्यानंतरचं कोणी बोलत नाही. पैसे एकदम मिळत नाहीत, पाया झाला की फोटो, लिंटेल झालं की फोटो, स्लॅब पडला की फोटो, जिओ टॅग, म्हणजे फोटोला जागेची नोंद, झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. माझ्या काकूने जुनं घर पाडलं, पाया भरला, शेजाऱ्याच्या ओट्यावर संसार मांडला आणि हप्ता अडकला. सिमेंटवाला किती दिवस उधार देईल, शेवटी व्याजाने पैसे काढले. अडीच लाखात स्लॅबचं घर होत नाही भो, वरचे पैसे गरिबाने आणायचे कुठून. आणि आमच्याकडे रेल्वेच्या जागेवर पिढ्या गेलेल्या लोकांना तर विचारूच नका, जागा केंद्राची, महापालिका नगरपालिका कोणीच हात लावत नाही.

पिंप्राळ्याचा_अप्पा
जळगावात घरकुलाचा विषय निघाला की जुन्या माणसांच्या पोटात गोळा येतो. नगरपालिका होती तेव्हा हजारो घरं बांधायची योजना आखली, घरांसाठी कर्ज देणाऱ्या हुडको या सरकारी कंपनीचं कर्ज काढलं, घरं पूर्ण झाली थोडीच. त्या घरकुल घोटाळ्यात 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना शिक्षा सुनावली, मग प्रकरण हायकोर्टात गेलं. पण कर्ज गावाच्या डोक्यावर राहिलं, वर्षानुवर्षं महापालिकेचा पैसा हप्त्यात जायचा आणि रस्ते गटारी तशाच. म्हणून मी म्हणतो पैसा येतानाच गल्लीतल्या लोकांनी बघितला पाहिजे. क्षेत्रसभेचा कायदा आपल्या राज्यात 2009 ला झाला, जवळजवळच्या मतदान बुथांच्या लोकांनी एकत्र बसून आपली कामं सुचवायची असं त्यात आहे. माझ्या इतक्या वयात आमच्या भागात एकही सभा झालेली मला तरी माहीत नाही.

मेहरूणची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी बसून सांगितलं नव्हतं. मावशींना आत्ताच विचारून आले. घरपट्टीची पावती आहे, लाईट बिल आहे आणि सासऱ्यांनी शंभरच्या स्टॅम्पवर घेतलेली जागा, नोटरी केलेली. उतारा नाही. काका, मग यांचं काहीच होणार नाही का?

पांझराकाठ
ताई, घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही, पण किती वर्षांपासून राहताय त्याचा तो चांगला पुरावा आहे, जितक्या जुन्या सापडतील तितक्या जपून ठेवा. आधी सिटी सर्व्हे ऑफिसात जाऊन ती जागा कोणाच्या नावावर आहे ते काढा. सरकारी निघाली तर 2011 च्या आधीची अतिक्रमणं नियमित करून घरकुल द्यायचं राज्याचं धोरण आहे, पट्ट्यासाठी, म्हणजे जागेच्या हक्काच्या कागदासाठी, गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून अर्ज द्या, एकटीचा अर्ज पडून राहतो. खाजगी निघाली तर मूळ मालकाचे वारस शोधून खरेदीखत करायचं बघा, तेही नाही जमलं तर स्वतःची जागा नसलेल्यांसाठी सरकारच्या भागीदारीत बांधलेल्या घरांचा योजनेत वेगळा घटक आहे त्यात नाव द्या. नव्या अर्जात घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर लागतं, ते मावशींना सोपं पडेल.

समाजमंदिराचं मात्र लगेच करता येईल. 10 रुपयाचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी मागा, मागच्या तीन वर्षात महिला व बालकल्याणात तरतूद किती आणि खर्च किती, आणि ते समाजमंदिर कोणाच्या ताब्यात आहे. 30 दिवसात उत्तर द्यावं लागतं. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीकडे आणि मग महासभेत जातं, एप्रिलच्या आधी सगळं ठरलेलं असतं, त्यामुळे क्लासची मागणी डिसेंबरात गेली पाहिजे, किती बायका, किती महिने, मानधन किती, मशीन किती, सगळं आकड्यात. अर्जाचा मसुदा इथेच टाका, मी बघून देतो.