मदत हवी आहे: गरोदरपणात डोळे फार कोरडे पडतात, कोणते थेंब चालतील?

नमस्कार मंडळी,

मला सहावा महिना चालू आहे. हल्ली डोळ्यांत सतत काहीतरी खुपतं. सकाळी झटकन डोळे उघडले तर बुबुळावर ओरखडा उठावा तशी कळ येते, म्हणून मिटल्या पापण्यांआडच डोळे जरा फिरवते आणि मग हळूहळू उघडते. संगणकावर काम करताना अक्षरं पुसट होतात, दोनतीनदा पापण्या मिटल्या की परत स्पष्ट दिसतात. आणि वारा लागला की घळाघळा पाणी येतं! त्यामुळे डोळे कोरडे आहेत हे घरी कोणाला पटतच नाही. काँटॅक्ट लेन्स तर अजिबात सहन होत नाहीत.

डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात तपासलं. ड्राय आय आहे, गरोदरपणात हार्मोन्समुळे असं होऊ शकतं म्हणाले. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब दिवसातून चारदा घालायला दिलेत. पण तेवढ्याने भागत नाही, जास्त वेळा घातले तर बाळाला काही होईल का? घरात लाली घालवणारे थेंबही पडून आहेत, ते मध्येच चालतील का? सासूबाई काळजीने म्हणतात की अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घे. शिवाय नंबर बदलल्यासारखा वाटतोय, तर चष्मा नवा करावा का? रात्री या विचारांनीच झोप लागत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी डोळे तपासण्याचंच काम करते. आधी गोळ्यांचं, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. अ जीवनसत्त्व मनाने मुळीच घेऊ नका. रेटिनॉल, म्हणजे गोळ्यांतलं अ जीवनसत्त्व, जास्त झालं तर बाळाच्या वाढीत दोष येऊ शकतात. माशांच्या लिव्हर ऑइलच्या कॅप्सूलमध्येही ते असतं. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा, त्या ऐकतील.

तुमचे थेंब म्हणजे कृत्रिम अश्रू, ते रक्तात जवळजवळ जातच नाहीत. चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर डॉक्टरांना प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या येतात, टोक मोडून वापरायच्या. बाटलीतल्या थेंबांत बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते वारंवार गेलं की डोळा आणखी चुरचुरतो. लाली घालवणारे थेंब नकोच. ते रक्तवाहिन्या आकसवतात, कोरडेपणा जात नाही आणि लाली उलटून येते. कोणतेही औषधी थेंब घातल्यावर नाकाकडचा कोपरा एकदोन मिनिटं बोटाने दाबून धरा, म्हणजे औषध नाकावाटे शरीरात कमी उतरतं.

पाणी येतं तेही कोरडेपणामुळेच. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून तेल कमी आलं की अश्रू उडून जातात, मग डोळा चिडतो आणि एकदम पाणी सोडतो. मिटल्या पापण्यांवर कोमट, स्वच्छ ओलं फडकं पाचदहा मिनिटं ठेवा, नंतर पापणीच्या कडेकडे हलक्या हाताने मसाज करा. लेन्स सध्या बाजूला ठेवा. चष्माही लगेच बदलू नका, गरोदरपणात कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) किंचित सूज येऊन नंबर सरकतो आणि प्रसूतीनंतर बहुतेकदा जागेवर येतो. फारच अडत असेल तर गोष्ट वेगळी.

प्रतिसाद २
एक भर घालते. पापण्या मिटल्यावर धूसरपणा जात असेल तर तो कोरडेपणाचा. पण जात नसेल, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, सोबत डोकं खूप दुखलं किंवा चेहऱ्याला, हातांना एकदम सूज आली, तर थेंब घालत बसू नका. तडक प्रसूतीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासा. वीस आठवड्यांनंतर प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गंभीर आजाराची, शक्यता असते. डोळा खूप दुखला किंवा उजेड सहन होईना, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. तसं काही लक्षण नाही, तरी रक्तदाब उद्याच बघून घेते आणि कुप्यांबद्दलही विचारते. आणखी एक: सर्दीसाठी अँटिहिस्टामिनची गोळी दिलीय, तिनेही डोळे कोरडे पडतात का?

प्रतिसाद १
हो, पडू शकतात. गोळी आपणहून बंद करू नका, पण ज्यांनी लिहून दिली त्यांना डोळ्यांचं सांगा. पर्याय असेल तर ते देतील.