विषय: २००५ च्या गणेशोत्सवातील नाटकाची डीव्हीडी

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या २००५ च्या गणेशोत्सवात झालेल्या नाटकाची डीव्हीडी दुसऱ्या अंकात अडकते. त्याच वर्षीच्या कॅमेऱ्यातील आठ सेंटिमीटरची छोटी डिस्क तर संगणकाला कोरीच दिसते. त्या प्रयोगातले दोन कलाकार आता आपल्यात नाहीत, म्हणून जीव तुटतो. डीव्हीडी टूथपेस्टने घासून पाहावी का?

– माजी सांस्कृतिक सचिव

ताई, नमस्कार.

टूथपेस्ट कृपया लावू नका आणि ती डीव्हीडी पुन्हा पुन्हा चालवूनही पाहू नका. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोलाकार पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या मार्गालाच समांतर जातो आणि सलग एवढा भाग बिघडवतो की डिस्कवरील चूक-दुरुस्तीची सोय अपुरी पडते. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे आशा आहे. सीडीत तो छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. वडिलांच्या आवाजाच्या सीडीवरचे कागदी लेबल मी सोलले तेव्हा चकाकणारा थर त्याच्यासोबत निघून आला, आणि तो आवाज मी कायमचा गमावला.

पुसून झाल्यावर 'जीएनयू डीडीरेस्क्यू' या मोफत प्रणालीने संपूर्ण डीव्हीडीची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, संगणकावर करून घ्या. ती सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अवघड भाग मागे ठेवते आणि काय वाचले, काय राहिले याची नोंद मॅप फाइलमध्ये करते. ती नोंद असल्यामुळे राहिलेले सेक्टर, म्हणजे माहितीचे २,०४८ बाइटचे छोटे तुकडे, तेवढे दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहता येतात. एका ड्राइव्हला न जमलेले दुसऱ्याला जमते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

छोटी डिस्क बहुधा फायनलाइज करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून चित्रीकरणानंतर बंद करायची, राहिली असावी. ती मूळ कॅमेऱ्यातच करावी. कॅमेऱ्याने फॉरमॅटविषयी, म्हणजे डिस्क पुसून कोरी करण्याविषयी, विचारल्यास मात्र नकार द्यावा.

सर्व सभासदांना विनंती: एकाच मूळ प्रतिमेवरून त्या वेळी वाटलेल्या प्रती कोणाकडे असतील, तर त्या बिघडलेल्या असल्या तरी टाकू नका. दोन प्रती सहसा एकाच ठिकाणी खराब होत नाहीत, त्यामुळे ताईंच्या प्रतीत न वाचलेले सेक्टर तुमच्या प्रतीतून भरता येतील. डिस्क पाकिटात सैल न घालता कडक डबीतून पाठवावी.

कळावे, लोभ असावा.

– एक आजीव सभासद