गिझरच्या लाइनला १६ चा एमसीबी की ३२ चा? आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) ठेवायचा की काढायचा?

सिडकोकर:
सिडकोतलं जुनं रो हाऊस आहे. किटकॅट फ्यूज काढून गेल्या दिवाळीत नवीन डीबी (सगळे एमसीबी बसतात ती पेटी) बसवली. बाथरूमच्या एकाच लाइनवर ३ किलोवॅटचा गिझर आणि गरम पाण्याचं वॉशिंग मशीन. दोन्ही सुरू असलं की अर्ध्या तासात १६ अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतो. वायरमन म्हणतो, "३२ चा टाकून देतो, कटकट मिटेल." वायर आहे अडीच स्क्वेअर एमएमची.

मी नाही म्हणालो. गिझरचे १३ अँपिअर, मशीनच्या हीटरचे ९, झाले २२. एमसीबी पडतोय म्हणजे तो आपलं काम करतोय. मशीनला डीबीपासून वेगळी लाइन ओढा, एवढंच माझं म्हणणं. घरातले मात्र वायरमनच्या बाजूने आहेत.

पंचवटीचा मामा:
उगाच घाबरवताय. आमच्याकडे पंधरा वर्षं ३२ चाच आहे, काही जळलं नाही. २२ अँपिअरने अडीचची वायर लगेच वितळते का? भिंत फोडून नवीन पाइप टाकायचा, टाइल्स काढायच्या, त्याचा खर्च कोण देणार?

सिडकोकर:
मामा, २२ वर वितळणार नाही, मान्य. पण ३२ च्या एमसीबीला ४६ अँपिअरवर पडायलासुद्धा तासभर लागू शकतो, नियमातच तेवढी मुभा आहे. तेवढा वेळ पाइपातली वायर भाजत राहणार, आणि बाहेरून काही दिसणार नाही. एमसीबी बघायचा तो वायर बघून.

जेलरोड ३८:
दोघांचंही अर्धवट. अर्थिंग कोणी तपासलं का? आपल्याकडे खाली मुरूम आणि काळा खडक, एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो. समजा अर्थिंगचा रोध ५ ओहम आला. गिझरची कॉइल फुटून फेज बॉडीला लागली तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. सी कर्व्हचा, म्हणजे पाच ते दहा पट करंटला झटक्यात पडणारा, १६ चा एमसीबी तसा पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे तो काही सेकंद रेंगाळणार, आणि मामांचा ३२ चा कदाचित पडणारच नाही. तोवर नळाला हात लावणाऱ्याचं काय? म्हणून ३० मिलिअँपिअर गळतीलाच पडणारा आरसीसीबी हवाच.

पंचवटीचा मामा:
होता आमच्याकडे. पावसाळ्यात रोज पडायचा. रात्री दोनला अंधार, फ्रीज बंद, सुनेचं लेकरू रडतंय. वायरमनने बायपास केला, तेव्हापासून सुखात आहोत.

जेलरोड ३८:
बायपास! पावसात पडतो याचा अर्थ गच्चीवरच्या दिव्यात नाहीतर ओल्या भिंतीतल्या बोर्डात पाणी शिरतंय. तो तेच सांगत होता. एकेक सर्किट बंद करून बघायचं, कुठलं बंद केल्यावर टिकतो ते. न्यूट्रलपण सोडवून बघा, कारण फेज बंद असला तरी न्यूट्रल अर्थला टेकत असेल तर तो पडू शकतो.

सातपूर शिफ्ट:
मामांची एक बाजू मी घेतो. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी लावायचा हा मूर्खपणा आहे. गच्चीवर पाणी गेलं की खालचा फ्रीज बंद, मग माणूस वैतागून बायपासच करणार. निदान दोन करा. बाथरूम, गच्ची, बाहेरची मोटर एकावर, बाकीचं दुसऱ्यावर. फक्त प्रत्येकाचा न्यूट्रल बार वेगळा ठेवा. वायरमन लोक इथेच चुकतात, सगळे पांढरे-काळे न्यूट्रल एकाच पट्टीत कोंबतात. मग फेज एका आरसीसीबीतून जातो, न्यूट्रल दुसऱ्यातून परत येतो, आरसीसीबी विनाकारण पडतात, आणि दोष मात्र कंपनीला. इन्व्हर्टर असेल तर हमखास हाच घोळ.

आणि हो, आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही. त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच.

सिडकोकर:
दोन आरसीसीबी पटतंय, डीबी आठ वेची आहे, मोठी घ्यावी लागेल. रविवार कारंज्यावर बघतो. मशीनला वेगळी अडीचची लाइन, वेगळा १६ चा. भिंत नाही फोडत, वरून केसिंग-पट्टी टाकतो.

पंचवटीचा मामा:
आत्ता उठून बघितलं. बायपासची वायर वरून काळी पडलीय, आणि टेस्टचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. गच्चीवरचा दिवा मी उद्याच काढतो. ३२ च्या एमसीबीबद्दल मात्र अजून पटलेलं नाही.

जेलरोड ३८:
मेन बंद केल्याशिवाय त्या वायरला हात लावू नका मामा. वायरमन येईपर्यंत गिझरपण नको.