पाणी नितळ, तरी मासे दगावत आहेत : गच्चीवरील अ‍ॅक्वापोनिक्सविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न (पुणे)

नमस्कार. आमच्या गच्चीवर मी ५०० लिटरची टाकी, तिच्या वर शोभेच्या पांढऱ्या खड्यांनी भरलेला सुमारे एक चौरस मीटरचा वाफा आणि पाणी वर चढवणारा एक छोटा पंप अशी अ‍ॅक्वापोनिक्सची, म्हणजे माशांच्या टाकीतील पाण्यावर झाडे वाढवण्याची, मांडणी केली आहे. टाकीत बोटभर लांबीचे वीस कोई मासे सोडले होते आणि वाफ्यात पालक व पुदिना लावला आहे. दर रविवारी मी टाकीतले सगळे पाणी बदलतो आणि खडे नळाखाली स्वच्छ धुतो. असे असूनही पाचव्या आठवड्यापर्यंत सात मासे दगावले, आणि पालकाची नवी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या आहेत. काल चाचणी केली तेव्हा अमोनिया लिटरला ३ मिलिग्रॅम आणि सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता) ८.२ आला. माशांची विष्ठा हेच झाडांचे खत असते, असे मी समजत होतो. मग मासे आणि झाडे दोन्ही आजारी का आहेत, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर १ (नाशिक)

आपल्या मांडणीत मासे आहेत आणि झाडेही आहेत, पण त्या दोघांना जोडणारे जिवाणू दर रविवारी धुऊन जात आहेत. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात आणि तो त्यांना स्वतःलाच घातक असतो. खड्यांच्या पृष्ठभागावर वस्ती करणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि झाडे प्रामुख्याने हे नायट्रेट घेऊन वाढतात. ही वस्ती बसायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन तिला मारते आणि माशांच्या कल्ल्यांनाही इजा करते. त्यामुळे पाच आठवडे उलटूनही आपली टाकी पहिल्याच आठवड्यात आहे, असे समजावे.

आता दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. रोज एक तृतीयांश पाणी बदलावे, मात्र ते आदल्या दिवशी उघड्या पिंपात भरून ठेवलेले असावे. खडे अजिबात धुऊ नयेत. अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढेल, म्हणून त्याचीही चाचणी करत राहावे. नायट्राइट चढल्यास लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीत पाव किलो, साधे जाडे मीठ विरघळवून घातल्याने माशांचे बरेच रक्षण होते.

उत्तर २ (कोल्हापूर)

मला त्या पांढऱ्या खड्यांची शंका येते. एका खड्यावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तो संगमरवर किंवा चुनखडी आहे आणि तोच सामू चढवतो आहे. हा मुद्दा किरकोळ नाही, कारण या पल्ल्यात सामू एकने वाढला की अमोनियाचे विषारी रूप सुमारे दहापट होते, आणि त्याच चढ्या सामूमुळे लोह पाण्यात असले तरी मुळांना घेता येत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडणे ही लोहाच्या कमतरतेचीच खूण आहे.

प्रश्नकर्ता

लिंबू पिळताच फेस आला. खडे काढून टाकायचे असतील, तर त्यांच्या जागी काय भरावे?

उत्तर २ (कोल्हापूर)

बांधकामाची अर्धा-पाऊण इंची काळी खडी भरावी. ती बेसाल्टची असते, सामू बदलत नाही आणि कुठेही मिळते. फक्त भरण्यापूर्वी एकदा तिची भुकटी नीट धुऊन घ्यावी. लोहासाठी कृषी सेवा केंद्रात सहसा ईडीटीए प्रकारचे चिलेट (लोह मुळांना घेता येईल अशा विरघळलेल्या रूपात धरून ठेवणारे संयुग) पुढे केले जाते, पण सामू साडेसहाच्या वर असला की ते फारसे टिकत नाही, म्हणून डीटीपीए प्रकार मागून घ्यावा. कीड पडली तरी कीटकनाशक फवारू नये, आणि कडुनिंबाचे तेलही माशांना सोसत नाही.

उत्तर ३ (पुणे)

झाडांच्या संख्येबद्दल एक हिशोब मांडतो. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज साधारण ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्याचा आधार लागतो. आपले उरलेले तेरा मासे मिळून दीडशे ग्रॅमचे असतील, तर ते दिवसाला चार-पाच ग्रॅमच खातील, आणि तेवढ्यावर पालकाची दोन-तीन रोपेच भरघोस वाढतील. मासे वाढतील तशी रोपे वाढवावीत. झाडांसाठी म्हणून खाद्य जास्त टाकू नये, कारण न खाल्लेले खाद्य कुजून अमोनियाच वाढवते.

वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंपही आजच घ्यावा, कारण उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

माझी मांडणी तीन वर्षे चालू आहे. तिच्यातील दोन घमेली खडी मी आपल्याला आनंदाने देईन. ती आपल्या नव्या खडीत मिसळल्यास जिवाणूंची वस्ती बरीच लवकर बसेल. येताना झाकणाची बादली आणावी, म्हणजे माझ्याच टाकीतील पाण्यात बुडवून ती नेता येईल. वाटेत ती उन्हाने सुकू देऊ नये आणि घरी पोहोचताच वाफ्यात टाकावी.