मदत हवी आहे: भाचीच्या एमएस्सीसाठी तालुक्याचं कॉलेज की पुणे विद्यापीठ?

मोहोळचा_मामा

मंडळी, जरा सल्ला हवाय. भाचीचं यंदा बीएस्सी केमिस्ट्री झालं, मार्क चांगले आहेत. आता एमएस्सी ऑरगॅनिक करायची म्हणते. गाव मोहोळ तालुक्यात, हायवेपासून आत. मी सोलापुरात नोकरीला, शिक्षण आयटीआय. तरी घरात ‘मामाला विचारा’ असं ठरलंय.

दाजींचं मत, तालुक्याच्या कॉलेजातच कर. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं, जेवण घरचं. ताईला पोरीला पुण्याला पाठवायचंय. पोरीला विचारलं तर ‘मामा, तूच सांग’ म्हणते आणि रात्री ताईच्या फोनवर पुणे विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागाचं पान उघडून बसते. काय ते समजून घ्या.

तिच्याबरोबर तालुक्याचं कॉलेज बघून आलो. लॅब स्वच्छ, बाटल्यांवर लेबलं नीट, पोरंपोरी कामात. रेणूची रचना ओळखायला एनएमआर नावाचं मशीन लागतं असं तिनं वाटेत सांगितलं होतं, म्हणून विचारलं. सरांनी कपाटातून त्या मशीनच्या आलेखांच्या झेरॉक्सचा गठ्ठा काढला. कडा झिजलेल्या, पेन्सिलीनं शंभरदा खुणा करून खोडलेल्या. त्या आलेखांवरून रेणू कसा ओळखायचा हे पोरं शिकतात. सरांनी एक आलेख मलाही समजावला, आणि खरं सांगतो, थोडा कळला! माणूस हाडाचा शिक्षक. पण तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे तासावर पैसे, नोकरी कायम नाही. पुढच्या वर्षी असाल का विचारलं, तर नुसते हसले.

पैशाचं म्हणाल तर उसाचं बिल हप्त्याहप्त्यानं येतं. पुण्यात विद्यापीठाचं हॉस्टेल मिळालं तर ठीक, नाहीतर कॉट बेसिस आणि मेस. दाजींनी वहीत हिशोब मांडून दाखवला, त्यात मला खोट काढता आली नाही. मुलींना फी माफ आहे ना आता? ते एमएस्सीला चालतं का? तिला पुढं नेट, म्हणजे प्राध्यापकी-संशोधनासाठीची परीक्षा, द्यायचीय. तालुक्याच्या कॉलेजचं नाव आडवं येईल का?

सिलिका_जेल

मामा, आधी फीचं. 2024-25 पासूनची ती माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल वगैरे, तेही कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. साधी एमएस्सी त्यात धरून चालू नका. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, तिच्या प्रवर्गाला दुसरं काय बसतं ते बघा. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, नंतर तहसीलला रांग लागते.

मी बार्शीचा, एमएस्सी पुण्यात विद्यापीठाच्या विभागात केली. मशीन आहे म्हणून पहिल्या दिवशी कुणी हात लावू देत नाही, हेही सांगून ठेवतो. खरा फायदा शेजाराचा. पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा आहे, आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आहे. तिथली व्याख्यानं ऐकता येतात, प्रोजेक्टसाठी दार ठोठावता येतं. नेट-जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) करणारी चार पोरं हॉस्टेलच्या त्याच मजल्यावर असतात, त्यांच्याबरोबर बसून आपणही अभ्यासाला लागतो.

पण विभागात नंबर लागला तरच पुणे. नाही लागला तर ‘पुणे’ नावासाठी कुठल्याही विनाअनुदानित कॉलेजात भरमसाठ फी भरू नका. झेरॉक्सचा गठ्ठा तिथंही आहे, वर मेसचं बिल.

तासिकावाला

मी पण असाच एक सर आहे, दुसऱ्या तालुक्यात. नावाची काळजी सोडा. नेटला एमएस्सीचे टक्के बघतात, कॉलेज कुठलं ते नाही. डिग्रीही सोलापूर विद्यापीठाचीच मिळते. आमच्याकडं वर्ग लहान, कुणाची एसटी चुकली तेसुद्धा आम्हाला माहीत असतं. माझ्या विद्यार्थ्यांनी इथून सेट (नेटसारखीच राज्याची परीक्षा) काढलीय. पण ती पोरं मुळातच जिद्दी होती, त्याचं श्रेय कॉलेजनं घेऊ नये. आणि पोरीला संशोधनात जायचं असेल तर मी स्वतःच तिला म्हणेन, बाई, इथं थांबू नकोस.

पुणेरोडवाला

तुम्ही दोनच दारं का बघताय? मोहोळहून पुणे रोडनं सोलापूरला येताना केगावला आपलं विद्यापीठ लागतं की! 2004 ला झालं, त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. कॅम्पसवर केमिस्ट्रीचा स्वतःचा विभाग आहे. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं. आणि वाटेतच चिंचोली एमआयडीसी, तिथं केमिकल कंपन्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्याच वर्षी ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, करावी लागते, त्यासाठी याहून सोयीची जागा कुठली? उद्या नेट नाही निघाली तर क्यूसीत (मालाच्या दर्जा तपासणीत) नोकरीची ओळखही तिथंच होते. दाजी खूश, पोरगी खूश.

ताई खूश होतील का, ते तुमचं तुम्ही बघा.

मोहोळचा_मामा

सगळ्यांचे आभार. केगावचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, रोज त्याच रोडनं जातो तरी. घरात सांगितल्यावर दाजी लगेच ‘हेच म्हणत होतो मी’ म्हणाले. म्हणत नव्हते, पण असू दे.

ताई अजून पुण्यावर ठाम आहे. जेआरएफला महिना 37,000 मिळतात हे तिनं शोधून काढलं आणि दाजींच्या त्याच हिशोबाच्या वहीत शेवटी लिहून ठेवलं. मग असं ठरलंय, पुण्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा. विभागात नंबर लागला आणि हॉस्टेल मिळालं तर पुणे, नाहीतर केगाव. हॉस्टेल नाही मिळालं तर काय, यावर अजून भांडण चालू आहे.

सिलिका_जेल, प्रवेश परीक्षेला बीएस्सीच्या तिन्ही वर्षांचं येतं की शेवटच्या वर्षाचंच? आणि जुने पेपर कुठं मिळतील? पोरगी आत्ताच वही घेऊन बसलीय.