पेलिकनचा नवा अल्बम हलका झालाय, का मलाच ऊन लागलंय?

केळीबाग_रावेर
मंडळी पेलिकन या शिकागोच्या बँडचा फ्लिकरिंग रेझोनन्स कोणी नीट ऐकलाय का? मे २०२५ ला आला तेव्हा आमच्याकडे पारा ४५ ला टेकलेला, एकदा ऐकला आणि सोडून दिला. आता परत काढलाय कारण या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे, बाराला मळ्यात जायचं, मोटार चालू करायची आणि पाणी चाललंय का बघत खाटेवर पडून राहायचं. अशा वेळेला तीन मिनिटांची गाणी पुरत नाहीत भो, दहा मिनिटं एकच रिफ, म्हणजे गिटारची तीच ती चाल, घोळवणारा कोणीतरी लागतो.

तर माझी अडचण अशी की पहिलंच गाणं गल्च चालू झालं तेव्हा गिटार तीच, जाडजूड, जमिनीतून आल्यासारखी, पण चाल चक्क आनंदी?? मी ज्यांचा ऑस्ट्रेलेशिया ऐकून या नादाला लागलो तेच का हे? याला अजून पोस्ट मेटल, म्हणजे ते जड, संथ, लांबत जाणारं मेटल, म्हणायचं का? आणि असलं वातावरणवालं अजून काय ऐकू ते पण सांगा. एकच अट, ओरडणं कमी असावं. घरी स्पीकरवर लावलं की आजी देवघरातून बाहेर येऊन विचारते कोणाला काय झालं.

धुळेकर_डूम
तुले ऊन लागेल नही भो, अल्बमच गोडमिट्ट शे.

लेबल बघ आधी. रन फॉर कव्हर, बोस्टनचं, इमो आणि इंडी, म्हणजे हळव्या रॉक बँडांचं दुकान. पेलिकन तिथं गेले तेव्हाच मी ओळखलं काय येणार ते. याच्या आधीचा नाइटटाइम स्टोरीज २०१९ चा, तो काळाकुट्ट होता, त्यांच्या जुन्या टस्क बँडचा गायक गेला त्याची सावली होती त्याच्यावर, तो ऐकून छातीवर पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. आणि हा? हा लावून लग्नाचा व्हिडिओ एडिट करता येईल. पोस्ट मेटल म्हणजे न्यूरोसिस बँडचा थ्रू सिल्व्हर इन ब्लड, १९९६, तिथून मोजायचं. तो ऐकून माणूस दोन दिवस गप्प बसला पाहिजे.

यार्डातला_भोंगा
डूमभाऊ तुम्ही दर वेळी न्यूरोसिस आणून ठेवता आणि मग बाकी सगळे बुटके दिसतात, हे काही बरोबर नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. जडपणा आणि दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्यांची गाठ मारून ठेवलीय. मी भुसावळचा, लहानपणापासून यार्डाच्या बाजूला झोपलोय, रात्री मालगाडीचे डबे एकमेकांना लागतात ना तेव्हा इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत धाड धाड धाड करत आवाज जातो, खिडकीच्या काचा हलतात, आता त्यात दुःख आहे का? नाही. पण जड आहे. पेलिकन मला कायम तसाच वाटला. २००५ चा द फायर इन अवर थ्रोट्स परत ऐका, त्यातही चाली उजेडाच्याच आहेत, तेव्हा कोणी तक्रार केली नाही कारण तेव्हा आपण वीस वर्षांचे होतो आणि सगळंच ग्रेट वाटायचं.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही, लॉरां श्रोडर-लेबेक परत आलाय. हा मूळचा गिटारवाला, २०१२ ला बाहेर पडला, मधली दहा वर्षं डॅलस थॉमस होता, नाइटटाइम स्टोरीज त्याच्या काळातला. आता मूळचे चौघं परत एकत्र वाजवताहेत, आणि ते या अल्बममध्ये ऐकू येतं. दोन गिटार एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत, एक खाली धरून बसते आणि दुसरी वर फिरते. जुने दोस्त पारावर बसले की कसं, कोणी वाक्य पूर्ण करत नाही तरी कळतं, तसं. मला तर हा आनंद त्याचाच वाटतो, लेबलचा नाही.

ड्रमवाला मात्र ठेक्यावरून हलतो अधूनमधून. ती तक्रार जुनी आहे, माझी पण आहे, पण आता तो हललाच नाही तर मला चुकल्यासारखं होईल.

भरीत_आणि_बास
दोघांचं भांडण वाचून मजा आली 😄 रावेरभाऊ तुम्ही आयसिस बँडचा पॅनोप्टिकॉन घ्या, २००४. (गुगल करताना बँड पण लिहा, नाहीतर भलतंच येईल.) बेंथम या इंग्रज विचारवंताच्या कल्पनेतला तो तुरुंग होता ना, मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी सगळ्यांना बघतो पण तो आहे का नाही कैद्यांना कळत नाही, त्याच्यावर आहे. ओरडणं आहे पण लांबून येतं, दोन शेतं पलीकडून कोणी हाक मारल्यासारखं. पेलिकनचे सुरुवातीचे अल्बम पण हायड्रा हेडचे, म्हणजे आयसिसच्या आरन टर्नरच्याच लेबलचे, एकाच गावकीतले सगळे. २०१० ला आयसिस मोडला. मला अजून राग आहे.

सातपुडा_साउंड
मी नंदुरबारची, इथं मुली असलं ऐकतात यावर विश्वास बसत नसेल तर सोडून द्या.

रावेरदादा तुमच्या मूळ प्रश्नावर येते, पोस्ट मेटल आहे का नाही. मला ही वाटणी रिफच्या जाडीवरून करता येत नाही, वेळेवरून येते. तुम्ही काठी गावच्या होळीला गेलाय का कधी, अक्कलकुव्याकडे? रात्रभर ढोल. ते मोठे ढोल एकच ठेका धरतात आणि पहिला अर्धा तास तुम्हाला वाटतं की बास झालं आता, बदला काहीतरी. ते बदलत नाहीत. मग कधीतरी मध्यरात्रीनंतर तुमच्याच कानात बदल होतो, त्याच ठेक्यात घुंगरांचा आवाज वेगळा कळायला लागतो, पायांची धूळ कळायला लागते. पहाटे होळी पेटते तोपर्यंत तो ठेका तुमच्या पोटात बसलेला असतो. चांगला पोस्ट मेटल तेच करतो. आणि या कसोटीवर पेलिकनचा नवा अल्बम मला अर्धाच उतरतो, तो आनंदी आहे म्हणून नाही, डूमदादांचं ते पटत नाही मला, पण तो घाईत आहे. चाल गोड लागली की लगेच दुसरी आणतात. थांबत नाहीत. जुना पेलिकन थांबायचा.

आता यादी नाही देत, दोनच सांगते. रशियन सर्कल्स, शिकागोचेच, तिघंच आहेत आणि गाणं जवळपास नाहीच, २०१६ चा गाइडन्स घ्या. दुसरा बर्लिनचा द ओशन, त्यांचा पेलाजियल, २०१३. तो समुद्राच्या वरच्या पाण्यापासून तळापर्यंत उतरत जातो, जसजसं खोल तसतसं संगीत संथ आणि दाट होतं, शेवटी अक्षरशः दाब वाटतो. आणि तुमच्या आजीसाठी मुद्दाम, त्याची बिनगाण्याची आवृत्ती पण सोबतच आली होती. आधी तो बिनगाण्याचाच करायचा ठरला होता, गायकाच्या तब्येतीमुळे.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका फक्त. खालचा सूर गेला की यात उरतं काय.

धुळेकर_डूम
ताई घाईचा मुद्दा मान्य. माझ्याच मनात होतं पण मला ते गोड गोड म्हणून दिसत होतं. होळीचं पण पटलं, मी दोनदा गेलोय.

रशियन सर्कल्सवर मात्र भांडण होईल, तो फार घासूनपुसून ठेवलेला वाटतो मला, पण ते राहू द्या. ओरडण्याची अट काढली तर आमेनराचा दे डोर्न ऐका, २०२१, बेल्जियमचे, सगळा अल्बम त्यांच्या फ्लेमिशमध्ये. आपण इथं अहिराणीत मेटल शोभेल का म्हणून हसतो आणि ते लोक घरातली भाषा घेऊन उभे राहिले. आणि जवळचं पाहिजे तर पुण्याच्या डर्ज बँडचा अह पुच, २०१८, माया लोकांच्या मृत्यूच्या देवावर. चिखलासारखा आवाज, चांगल्या अर्थानं.

यार्डातला_भोंगा
न्यूरोसिसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्यांचा टाइम्स ऑफ ग्रेस, १९९९, आणि त्याच्यासोबत त्यांच्याच ट्राइब्स ऑफ न्यूरोट या नावाखाली ग्रेस म्हणून दुसरा अल्बम, दोन्ही एकदम लावून ऐकायचे. मी गच्चीवर दोन मोबाइल घेऊन बसलो, एक माझा एक बायकोचा. पाचव्या मिनिटाला तिच्या माहेरून फोन आला. तेव्हापासून तो प्रयोग अपुरा आहे.

केळीबाग_रावेर
वा, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल रात्री पेलाजियल लावला, बिनगाण्याचा. वरचं पाणी संपून खाली उतरायला लागलो तेवढ्यात लाइट गेली, मोटार बंद, आणि एकदम सगळा मळा गप्प. फक्त कानात ते चाललेलं. उठलोच नाही, शेवटपर्यंत ऐकलं. केळीला पाणी अर्धंच झालं, सकाळी वडिलांनी विचारलं तर म्हटलं लाइट नव्हती. खोटं नाही ना ते.

ताई, गाइडन्स आज रात्री. डूमभाऊ, दे डोर्न आजी लग्नाला बऱ्हाणपूरला जाईल तेव्हा.